गल्ला सुटला, पगार लागला: घरचा हिशेब कसा बसवायचा

आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, समुद्रपूर तालुक्यात, गावच्या बसस्टॉपला लागून. शेतीच्या जळालेल्या मोटरी, कुलर, मिक्सर, पिठाच्या चक्कीची मोटर, सगळं यायचं. गेल्या जुलैपासून हे हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. दुकान यांचं होतं, पण उधारीची वही आणि घरचा पैशाचा डबा दोन्ही माझ्याच हाती, म्हणून हे मी लिहिते आहे. गावातली आणखी दोन-तीन घरं धंदा सोडून नोकरी धरायच्या बेतात आहेत आणि त्या घरच्या बाया मला विचारतात, "पगारात भागते का वो?" भागते. पण आधी काही कामं उरकावी लागतात, आणि त्यातली निम्मी नोकरी लागायच्या आधीची आहेत.

आधी वर्षाची वही काढा

पगार किती मिळेल हे विचारण्याआधी दुकानातून खरंच किती मिळत होतं ते काढा. बहुतेक घरांत हा आकडा कुणालाच माहीत नसतो. मे महिन्यात कुलरच्या हंगामात दिवसाला तीन-तीन हजार गल्ल्यात पडतात, तेच डोक्यात बसतं. श्रावणात चार-चार दिवस कुणी पायरी चढत नाही, ते विसरायला होतं. म्हणून मग "दुकानात यापेक्षा जास्त सुटत होते" असं नोकरी लागल्यावर सहा महिने ऐकावं लागतं.

मी एप्रिल ते मार्च असा बारा महिन्यांचा हिशेब मांडला. वहीत लिहिलेली कामं ४,६०,००० रुपयांची. त्यातून तांब्याची तार, बेअरिंग, कपॅसिटर, वार्निश, सील असा माल २,१०,००० चा. दुकानाचं भाडं आणि लाइटबिल ३०,०००. मुद्रा कर्जाचे हप्ते २८,०००. त्या वर्षाची न आलेली उधारी ४०,०००. हे सगळं वजा जाता उरले १,५२,०००, म्हणजे महिन्याला साडेबारा हजारांच्या थोडे वर. चार लाख साठ हजारांचा धंदा आणि हातात एवढंच! यांना आधी पटलंच नाही. तीनदा बेरीज करून पाहिली.

पण खरी गंमत पुढेच आहे. घरच्या डब्यात वर्षभरात आले १,१६,०००. मग उरलेले छत्तीस हजार गेले कुठे? ते गेले गल्ल्यातून परस्पर. गाडीचं पेट्रोल, दोघांच्या मोबाइलचे रिचार्ज, गिऱ्हाईक आलं की चहा, गणपतीची आणि शारदा मंडळाची वर्गणी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, शाळेतून येणाऱ्या पोट्ट्यांना दहा-दहा रुपये. हा खर्च घरचाच, पण घरच्या वहीत कधी चढलाच नाही. महिन्याला तीन हजार. पगारावर आल्यावर हा सगळा खर्च डब्यासमोर येऊन उभा राहतो. पगार पुरत नाही असं ज्या घरांना वाटतं, त्यातल्या पुष्कळ घरांत पगार कमी नसतो, हा जुना खर्च नव्यानं दिसायला लागलेला असतो.

तो पकडायचा कसा? नोकरी लागायच्या आधी एक महिना गल्ल्यात चिठ्ठ्या टाकायच्या. पैसे काढले की कागदाच्या कपट्यावर रक्कम आणि कारण लिहायचं आणि कपटा गल्ल्यातच ठेवायचा. रात्री मोजायचं. माणूस चार दिवस कुरकुर करतो, मग सवय लागते.

गावातल्या धंद्यात आणखी एक कमाई असते जी पैशात दिसत नाही. मोटर दुरुस्त करून नेणारा शेतकरी कधी पैशाऐवजी गव्हाचं पोतं आणून टाकतो, कुणी तुरीची पायली, कुणी चण्याचा घाटा, कुणी नुसतीच सांबार (कोथिंबीर)-वांग्याची थैली. आम्ही वर्षाची गव्हाची बेगमी जवळजवळ विकत घेत नव्हतो. त्याची किंमत बाजारभावानं धरली तर वर्षाला बारा हजार होते. दुकान बंद झालं की ही पोती येत नाहीत, आणि किराणा वाढला तो कशानं हे कळत नाही. तेव्हा हाही आकडा लिहा: महिना एक हजार.

आता बेरीज करा. दीड लाख दोन हजार अधिक बारा हजार, भागिले बारा: साधारण १३,७०० रुपये. पगारातून कर्जाचा हप्ता गेल्यावर आमच्या हातात १३,८०० पडतात. म्हणजे उत्पन्न तेवढंच राहिलं. बदललं ते पैसे येण्याचं दार आणि दिवस.

कोणत्या महिन्यात लागायचं

हे आपल्या हातात असेल तर हंगाम पाहून ठरवा. आमच्याकडे धंद्याचे हंगाम दोन. मार्च ते मे कुलरचा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ओलिताचा, गहू-चण्याला पाणी सुरू झालं की मोटरी जळायला लागतात. जून ते ऑगस्ट दुकान ओस. म्हणून मेचे पैसे हातात घेऊन जुलैत नोकरी धरली. फेब्रुवारीत बोलावलं असतं तर ओलिताचे पैसे शेतकऱ्यांकडे अडकलेले आणि कुलरचा हंगाम सोडलेला, असं दोन्हीकडून नुकसान झालं असतं.

पगार महिना भरल्यावर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत येतो. १ जुलैला लागलात तर पहिला पैसा ऑगस्टमध्ये. त्यात आधार आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर आणखी लांबतं. हे कागद लागायच्या महिनाभर आधी जुळवून घ्या. यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर आता उमंग अॅपवर चेहरा दाखवून निघतो, त्यालाही आधारवरचा मोबाइल नंबर चालू लागतो. पूर्वी कधी कंपनीत काम केलं असेल तर जुना यूएएन शोधा आणि तोच द्या, नवा काढू नका.

मधल्या काळासाठी दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. आमचा हा काळ नेमका पेरणीचा, पोट्ट्यांच्या वह्या-पुस्तकांचा. गिरणीत पहिल्याच महिन्यात उचल मिळते, सोबतचे लोक घ्या म्हणतात. मी घेऊ दिली नाही. उचल घेतली की पुढचा पगार कापून येतो, मग त्याही महिन्यात उचल, असं ते वर्ष-वर्ष चालतं.

आणखी एक विचारून घ्या: काम बारमाही आहे का? आपल्याकडे जिनिंगमध्ये कापूस असेपर्यंत काम, मग बंद. त्याला महिन्याचा पगार म्हणतात खरे, पण घरखर्चासाठी तो हंगामी धंदाच धरावा.

पगाराची पावती वाचायला शिका

आमची पावती अशी. बेसिक आणि महागाई भत्ता १३,०००, बाकीचे भत्ते धरून एकूण १८,०००. त्यातून पीएफ १२ टक्के, तो बेसिक-महागाईवर: १,५६०. ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, एकूण पगारावर: १३५. व्यवसाय कर २००. हाती १६,१०५. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, वर्षाचे २,५०० भरायचे असतात म्हणून. बाईचा पगार २५,००० पर्यंत असेल तर महाराष्ट्रात हा कर लागत नाही. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे थोडे रुपये जातात. तेवढ्यासाठी भांडायला जाऊ नका, ते नियमाचं आहे.

कापलेल्या पीएफवर जीव जळतो, खास करून ज्यांनी कधी असा पैसा सोडलेला नसतो त्यांचा. पण मालकालाही तेवढेच १२ टक्के भरावे लागतात. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, आमच्या बाबतीत १,०८३ रुपये, आणि उरलेले ४७७ आपल्या पीएफ खात्यात. म्हणजे महिन्याला २,०३७ रुपये आपल्या नावावर साचतात. दुकान होतं तेव्हा एवढी बचत वर्षाचीही होत नव्हती. मात्र पावतीवर कापले म्हणजे भरलेच असं नसतं. ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी तर दर दोन-तीन महिन्यांनी उमंगवर पासबुक उघडून पाहावंच. ठेकेदार बदलला तरी नंबर तोच ठेवायचा. आणि वारसाचं नाव पहिल्याच महिन्यात टाका. त्या जागी कित्येकांचं काही लिहिलेलंच नसतं.

ईएसआयसी पगार २१,००० पर्यंत असणाऱ्यांना आहे. उपचार पहिल्या दिवसापासून आणि सगळ्या कुटुंबाला. त्यासाठी बायको, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील यांची नावं फोटोसह चढवावी लागतात. आपला दवाखाना कोणता नेमून दिला आहे ते आधीच पाहून ठेवा; मोठ्या उपचाराला नागपूरला सोमवारी पेठेतल्या रुग्णालयात पाठवतात. आजारपणात बुडालेल्या पगाराची रोख भरपाई ७० टक्के मिळते, पण नवीन माणसाला पहिले नऊ महिने नाही, आणि सहा महिन्यांच्या हप्ताकाळात ७८ दिवसांचा हप्ता भरलेला लागतो. म्हणून पहिल्या वर्षी आजारपणासाठी स्वतःचा पैसा हवाच. आम्ही आधी सेवाग्रामला जायचो आणि सासऱ्यांसाठी अजूनही जातो. कार्ड झालं म्हणून जुना डॉक्टर सोडलाच पाहिजे असं नाही.

खाड्याचं गणित मात्र पाठ करून ठेवा. अठरा हजार भागिले सव्वीस, एका खाड्याचे ६९२ रुपये. दुकान असताना मामेबहिणीच्या लग्नाला दोन दिवस कुलूप लावून जायचो, काही वाटायचं नाही. आता साक्षगंधाला एकटी मी जाते, लग्नाला दोघं.

उधारी: पीक पाहून वसूल करा

दुकान बंद झालं तेव्हा वहीत सगळी मिळून ७१,००० उधारी होती, काही जुनी, काही त्याच वर्षाची. हा पैसा बुडाला असं धरून बसू नका आणि आलाच असंही धरू नका.

मी नावांच्या तीन याद्या केल्या. सोयाबीनवाले, कापूसवाले आणि तूर-चणावाले. सोयाबीनवाल्यांकडे दिवाळीच्या आधी जायचं, पोतं बाजार समितीत गेलं की. कापूसवाल्यांचं संक्रांतीपर्यंत चालतं. सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, कापूस दिला असेल तर पैसे थेट बँकेत पडतात, त्यामुळे "चुकारा आला नाही" हे खरं की खोटं ते आठवडा थांबलं की कळतं. तुरीवाले फेब्रुवारी-मार्चमध्ये. अवेळी मागितलं तर माणूस तोंड चुकवायला लागतो आणि मग पीक निघालं तरी चुकवतो.

मागायला हे जात नाहीत, मी जाते. यांनी मागितलं की बोलणं मोटरीवर घसरतं. "भाऊ, मोटर तं पुन्हा आवाज करून राह्यली," की झालं, उधारी राहिली बाजूला आणि हे स्टार्टर उघडून बसले. मी वही घेऊन जाते, बाईशी बोलते, चहा घेते, आणि तारीख घेऊन येते. एका मावशीनं सांगितलं, "माय, कापूस इकू दे, मंग पयले तुह्येच देतो." संक्रांतीच्या वाणासोबत दीड हजार आणून दिले. दुसरीकडे एक पाटील आहेत, चाळीस एकरवाले, त्यांचे साडेचार हजार अजून बाकी आहेत. गरीब देतो आणि मोठा झुलवतो हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकतो.

पैसे द्यायला जमत नसेल तर वहीत आकड्यासमोर तारखेसह सही घ्या. साध्या उधारीवर दावा करायची मुदत तीन वर्षांची असते. मुदतीच्या आत समोरच्यानं लेखी कबुली दिली की तीन वर्षं त्या तारखेपासून नव्यानं मोजतात. आम्ही कुणावर दावा लावणार नाही आहोत, पण सही केलेला माणूस "कोणती उधारी?" असं म्हणत नाही, एवढा फायदा आहेच.

आलेली उधारी घरच्या डब्यात टाकायची नाही. हा नियम मी कुणालाही मोडू दिला नाही. त्या पैशाची सवय लागते आणि मार्चनंतर तो आटतो. त्यातून पहिलं फेडायचं ठोक दुकानदाराचं. आमचे तारवाल्याचे बावीस हजार होते. काहींनी सल्ला दिला की आता कुठे त्यांच्याकडे माल घ्यायचा आहे, सावकाश द्या. मला ते पटलं नाही. न वापरलेली तारेची रिळं आणि सीलबंद बेअरिंग त्यांनीच परत घेतली, तीही खरेदीच्या भावानं, कारण आमचं खातं चोख होतं. जळालेलं तांबं भंगारात किलोवर जातं. त्याचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, गावात फेरी मारणाऱ्याला देऊ नका.

बंद केलेल्या दुकानाचे चालू खर्च

शटर ओढलं तरी काही पैसे जातच राहतात. सगळ्यात लबाड खर्च तो क्यूआर कोडच्या बोलणाऱ्या डबीचा. दर महिन्याला तिचं भाडं खात्यातून कापलं जातं, डबी कपाटात पडली असली तरी. ती परत करा आणि पावती घ्या. चालू खातं असेल तर कमीत कमी शिलकीचा दंड लागतो. ते बंद करा, पण उधारीवाले जुन्या क्यूआरवर पैसे टाकतात, तेव्हा वसुली संपेपर्यंत थांबा किंवा सगळ्यांना नवा नंबर द्या. दुकानाचं मीटर धंद्याच्या दरात असतं आणि एक युनिट जळालं नाही तरी स्थिर आकार येतो. जागा सोडताना महावितरणकडे कायम खंडित करण्याचा अर्ज द्या आणि सुरक्षा ठेव परत मागा. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, ती बंद केल्याचं कळवा. स्वतःच्या नावानं व्यवसाय कराची नोंदणी केली असेल तर तीही रद्द करा, नाहीतर पगारातून २,५०० आणि तिकडून पुन्हा २,५०० ची मागणी. जीएसटी नंबर असेल तर रद्द करायचा अर्ज आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र. विक्री नाही म्हणून भरायचं नाही असं नसतं, उशिराचा दंड चढत जातो. आम्हाला जीएसटी नव्हता.

मुद्रा कर्ज दुकानासोबत बंद होत नाही. बँकेत जाऊन हप्त्याची तारीख तेवढी बदलून घेतली. पूर्वी पाच तारखेला कापायचे आणि पगार यायचा सातला. आता दहा तारीख केली. दोन दिवसांच्या फरकानं हप्ता परत गेला तर दंड लागतो आणि सिबिल, म्हणजे कर्जाची पत, तेही बिघडतं.

जुनं बचत खातं मात्र रिकामं ठेवू नका. २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ चा जीवन विमा त्यातूनच जात असतो, मेच्या शेवटी. नव्या पगार खात्याच्या नादात तिथे शिल्लक नसेल तर विमा गुपचूप संपतो. दोघांचे मिळून ९१२ रुपये मे महिन्यात तिथे असलेच पाहिजेत.

सात तारखेला काय करायचं

दुकानाचा पैसा रोज यायचा म्हणून खर्चही रोजचा होता. पाव किलो तेल, दहाचा चहा, लागेल तशी साखर. आता महिन्यातून एकदाच पैसा येतो, पण वर्षाचे मोठे खर्च मात्र शेतकऱ्याच्याच पंचांगानं येतात. म्हणून आधी त्यांची बेरीज केली. अडीच एकर वावराला १८,०००: कापसाच्या बियाण्याची पाकिटं, १,३५० ची डीएपीची बॅग, निंदण, फवारणी. शाळेचे ७,०००, दिवाळीचे ८,०००, लग्नाकार्यातला आहेर ६,०००, गाडीचा विमा आणि किरकोळ दुखणंखुपणं ३,०००. झाले ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. हे साडेतीन हजार पगार आला त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात जातात. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही, पासबुक आहे आणि ते माझ्याकडे आहे.

हप्ता २,३००. उरले दहा हजार तीनशे. किराणा ४,५००, पेट्रोल १,८००, दूध-भाजी १,७००, गॅस ९००, लाइट ६००, रिचार्ज ५००. तीनशे उरतात, त्यात बचत गटाची महिन्याची बचत. कुणाला वाटेल हे फारच ताणून बसवलं आहे. आहेच. पण पेट्रोलचा आणि रिचार्जचा आकडा आधीपासून माहीत होता म्हणून एवढं तरी बसलं. एसटीच्या मासिक पासात वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर जाता येतं, ते पेट्रोलपेक्षा स्वस्त पडलं असतं, पण रात्रपाळीला एसटी नाही. दिवसपाळी असणाऱ्यांनी पासच काढावा.

किराणा दुकानदाराशी बोलून खात्याची तारीख आठ करून घेतली. महिन्याचं धान्य-तेल एकदम, भाजी आठवडी बाजारातून. आठवड्याचे चारशे वेगळे करून बाजाराच्या पिशवीतच ठेवते.

पीककर्ज असेल तर पगाराच्या भरवशावर ते लांबवू नका. तीन लाखांपर्यंतचं मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्य पडतं. साधारण मार्चअखेरच्या आत भरायचं. कर्जमाफी येईल म्हणून थांबणारे आमच्या गावातही आहेत. त्यांचं त्यांना लखलाभ.

योजना आणि आयकर, थोडक्यात

खासगी नोकरी लागली म्हणून पीएम किसानचे सहा हजार बंद होत नाहीत. आयकर भरावा लागला किंवा सरकारी नोकरी असेल (चतुर्थ श्रेणी सोडून) तर होतात. नुसतं विवरणपत्र भरणं आणि कर भरणं वेगळं. लाडकी बहीणला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. आमचा पगारच २,१६,००० होतो, त्यात वावराचं धरलं की काठावर येतो. रेशनच्या प्राधान्य यादीला ग्रामीण भागात मर्यादा ४४,००० ची आहे, पगारदार घर तिच्या वर जातंच. म्हणून महिन्याच्या हिशेबात मी ना पंधराशे धरले, ना रेशनचा गहू. तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही आता पगार दाखवूनच निघेल, पोरांच्या फीसाठी लागतो, तेव्हा पावत्या फाइलीत लावत जा.

ज्या वर्षी बदल झाला त्या वर्षी दोन कमाया असतात, थोडी धंद्याची, थोडी पगाराची. अशा वर्षाला पगारदारांचं साधं विवरणपत्र, आयटीआर-१, चालत नाही. अंदाजे नफ्याच्या पद्धतीनं, म्हणजे विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवायचा असेल तर आयटीआर-४. आमच्यासारख्यांना कर काही लागत नाही, तरी मी भरायला लावलं. उद्या कर्ज लागलं तर बँक पहिलं तेच मागते.

मशीन विकायचं की नाही

नोकरी पक्की होईपर्यंत वाइंडिंग मशीन विकू नका. सहा महिने परिवीक्षा, म्हणजे पारखायचा काळ, असतो, कुणाला जमत नाही, कुणाला काढतात. भाड्याची जागा सोडा, मशीन घरी आणा. आम्ही ते पडवीत ठेवलं आहे, पोत्यानं झाकून, उंदरांनी तार कुरतडू नये म्हणून फॉर्मे आणि रिळं वर माळ्यावर.

लोक सुट्टीच्या दिवशी मोटर घेऊन येतातच, त्यांना नाही म्हणवत नाही. आधी नेमणूक पत्रात बाहेरचं काम करायला मनाई आहे का ते वाचा. नसेल तर तीन अटी ठेवा. माल गिऱ्हाइकानं स्वतः आणायचा, आपण यादी लिहून देऊ. मजुरी रोख, मोटर उचलायच्या आधी. आणि रात्रपाळीहून आलेल्या दिवशी काम नाही, करंटचं काम झोपेत करायचं नसतं. हा पैसा महिन्याच्या हिशेबात धरलेला नाही, तो आजारपणासाठी बाजूला पडतो. कुलरच्या दिवसांत मात्र दारात रांग लागते. यंदा मार्चमध्ये शेजारच्या गावचा एक पोरगा, आयटीआय झालेला, यांच्याकडे शिकायला येतो म्हणाला. मशीन त्यालाच भाड्यानं द्यायचं का, यावर अजून आमचं बोलणं चालू आहे. मी महिन्याला हजार सांगितले आहेत. हे म्हणतात सातशे.